बारावं आवतण

पनवेलच्या बाजारात कृष्णाबाईला कुणी ओळखत नाही. ओळखावं असं तिच्यात आहे तरी काय? चौऱ्याहत्तर वर्षांची बुटकी म्हातारी, गुडघ्यांनी कधीचा संप पुकारलेला, चष्म्याची एक काडी काळ्या दोऱ्यानं बांधलेली, आणि तोंड असं की रिक्षावाल्यानं मुकाट्यानं मान खाली घालून गाडी हाकावी. पण गव्हाणपासून आपट्यापर्यंत कुठल्याही आगरी घरात लग्न ठरलं की पहिला फोन हॉलवाल्याला जातो, दुसरा डीजेवाल्याला आणि तिसरा कृष्णाबाईला. एके काळी पहिला निरोप तिच्याकडे यायचा, तोही घेऊन माणूस चालत यायचा. हे सगळं ती स्वतःच सांगते आणि वर विचारते, "डीजे वाजवून लगीन लागतंय का? मंग लावा की!"

ती धवलारीण आहे. आगऱ्यांच्या लग्नात भटजी मुहूर्तापुरता येतो, मंगलाष्टका म्हणतो, दक्षिणा घेतो आणि पुढच्या हॉलकडे पळतो. पण मांडव उभा राहिल्यापासून पोर सासरी जाईपर्यंत जे काही होतं, ते धवलारणीच्या गाण्यावर होतं. त्या गाण्यांना धवले म्हणतात. कृष्णाबाईला ते सासूनं शिकवले, सासूला तिच्या सासूनं. कागदावर एक ओळ नाही. कृष्णाबाईला लिहिता-वाचता येत नाही आणि त्याचं तिला काडीचं वाईट वाटत नाही.

या सासूकडून आलेल्या धवल्यांत एक आवतणाचा धवला आहे. हळदीच्या दिवशी, हळद लागायच्या आधी, कृष्णाबाई पाटावर केळीचं पान मांडते, त्यावर तांदळाच्या छोट्या छोट्या पुंजी घालते आणि त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेक करून नावानं लग्नाला बोलावते. एक नाव, एक पुंज, पुंजीवर एक सुपारी.

"उठा उठा, वाट धरा, मांडव घातला दारी,
अमुक बाबा, तुमी या हो, तुमची जागा ही सुपारी."

सुपारी बसली की तो माणूस आला. मग तो लग्नभर घरात असतो. त्याच्यासाठी पान वाढतात, त्याच्यासमोर भांडायचं नाही, त्याला ओलांडून जायचं नाही. लग्न उरकलं की दुसऱ्या दिवशी पाठवणीचा धवला म्हणायचा आणि सुपाऱ्या खाडीत सोडायच्या.

या गाण्यात कुठेही 'मेला' हा शब्द नाही. माणूस 'वाटेला गेला' असं त्यात म्हणतात, आणि वाटेला गेलेल्याला हाक मारली की तो येतो. पोथीत गेलेल्यांसाठी पिंड आहेत, सरकारी दप्तरात त्यांच्यासाठी दाखला आहे, धवल्यात मात्र त्यांना आवतण आहे. दोन दिवसांपुरतं मरणाला मांडवाबाहेर बसवून ठेवायची ताकद या ओळींत आहे, असं कृष्णाबाई मनापासून मानते. फक्त एक अट आहे. ज्याचं नाव या धवल्यात आलं, तो गेला. त्यात मागेपुढे काही नाही. जिवंत माणसाला कुणी सुपारीवर बसवत नाही.

आणि तिथेच कृष्णाबाईचं घोडं एकोणीस वर्षं अडलं होतं.

तिचा थोरला मुलगा महादेव न्हावा शेवाला ट्रेलर चालवायचा. उंच, हसरा, आईची चेष्टा करणारा. सुट्टीच्या दिवशी घरात बसणं त्याला जमायचं नाही. त्या रविवारी तो दाराशी चप्पल शोधत होता, तेव्हा कृष्णाबाई म्हणाली, "भटकाला चाललासच, तर चिंबोऱ्या तरी आन." तो म्हणाला, "आनतो, पन फोडून तू द्याची." चिंबोरीची, म्हणजे खाडीतल्या खेकड्याची, नांगी स्वतः फोडायचा त्याला एकतीस वर्षांचा झाला तरी कंटाळा होता. गावातल्या एका मित्राबरोबर होडी घेऊन तो खाडीत गेला. दुपारनंतर वारा फिरला. होडी मिळाली. तिसऱ्या दिवशी मित्र मिळाला. महादेव मिळाला नाही.

सगळ्यांना कळलं होतं काय झालं ते. कृष्णाबाईच्या नवऱ्याला, धर्मराजलाही कळलं होतं. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. भटजी ठरला, पळसाची पानं आली. कृष्णाबाईनं ती पानांची पाटी उचलली आणि म्हशीच्या पुढ्यात टाकली. म्हणाली, "पाला जाळून माझा पोर मरनार नाय." तिच्यासमोर बोलायची कुणाची छाती झाली नाही. धर्मराज तर गप्पच बसून राहिला, आणि पुढची दोन वर्षं तसाच बसून बसून एक दिवस गेला.

महादेवची बायको मालू तेव्हा पंचवीस वर्षांची होती. तिची मुलगी अंकिता चार वर्षांची. सासूनं मालूला मंगळसूत्र काढू दिलं नाही. वरवर पाहता हे प्रेमाचंच होतं, आणि खरंही होतं. पण त्यामुळे मालू ना इकडची झाली ना तिकडची. हळदीला सवाष्णींत तिला बोलवायचं की नाही, हे बायकांना कधी कळलं नाही. म्हणून तीच अशा वेळी भांडी घासायला मागच्या दारी जाऊन बसायची. खुद्द कृष्णाबाई विधवा, पण धवलारीण म्हणून प्रत्येक मांडवात तिला पहिला मान. सुनेला मांडवात जागाच नाही. ही गोष्ट कृष्णाबाईला दिसत नव्हती असं नाही. ती बघत नव्हती.

धाकट्या मुलाचं, शैलेशचं लग्न झालं तेव्हा मांडव स्वतःच्याच दारी होता. शैलेशच्या काकांनी न विचारता ताटात बारा सुपाऱ्या ठेवल्या. कृष्णाबाई गाऊ लागली. आजेसासरा, सासरा, सासू, तान्ही गेलेली नणंद, असं करत करत अकराव्याला धर्मराज आला. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात पहिल्यांदा घेतलं ते तिथे. चाळीस वर्षं तिनं त्याला "अवो" म्हणून हाक मारली होती. नाव उच्चारताना ती लाजली, आणि लाजली म्हणून रडली. बायका रडल्या. मग सगळे थांबले, कारण ताटात एक सुपारी उरली होती आणि पानावर एक पुंज रिकामी होती. कृष्णाबाईनं ती सुपारी उचलली, पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली आणि पुढचा धवला सुरू केला.

पुढे विमानतळासाठी गाव उठलं. लोक आपापल्या प्लॉटवर जाऊन घरं बांधू लागले. कृष्णाबाई उठायला तयार नाही. शेजारची घरं पडली, वीज गेली, तरी ही आपली ओट्यावर. शैलेशनं हात जोडले, तेव्हा तिनं खरं कारण सांगितलं. "तो आयला आन घर नाय दिसला, तर कुटं जाल?" शेवटी अंकितानं तोड काढली. तेव्हा ती दहावीत होती. तिनं निळा ऑइलपेंट आणला आणि पडायला झालेल्या घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बाबा, आम्ही करंजाड्याला राहायला गेलो.' खाली प्लॉटचा नंबर आणि शैलेशचा मोबाईल. म्हातारीनं अक्षरांवरून हात फिरवला, हाताला निळा रंग लागला, आणि मग ती टेम्पोत बसली. चार दिवसांनी भिंत पाडली. आता तिथून विमानं उडतात.

अंकिता तेवीस वर्षांची झाली. न्हावा शेवाच्या रस्त्यावर कंटेनरच्या एका गोदामात कॉम्प्युटरवर बसते. आपट्याच्या प्रितेशशी तिचं ठरलं. ठरलं म्हणजे दोघांनी ठरवलं आणि घरच्यांनी ठरवल्यासारखं केलं. लग्नाला महिना असताना ती आजीच्या खाटेवर येऊन बसली.

"आजी, हळदीला बाबांना बोलवशील ना?"

कृष्णाबाई लसूण सोलत होती. "जित्त्या मानसाला धवला नाय लागत. येल तो त्याच्या पायानं."

"माझ्या बारावीला आले का पायानं? काकाच्या लग्नाला आले?"

"नाय आयला. म्हनून काय मारून टाकू?"

"मारू नको गं. बोलव म्हणतेय मी." अंकिताचा आवाज चढला. "मला बाबांचा चेहरा आठवत नाही, आजी. फोटो आठवतो. ते असतील तर दारातून आत येऊ देत, नसतील तर सुपारीवर बसू देत. पण माझ्या लग्नात ते कुठेतरी पाहिजेत मला. अशी मधल्यामधे किती दिवस राहू मी?"

कृष्णाबाईनं लसणाची परात उचलली आणि आत निघून गेली. त्यानंतर आजी-नातीचं बोलणं चहा घेतलास का, दार लाव, एवढ्यावर आलं.

त्याच आठवड्यात गव्हाणला एक लग्न होतं. त्या घरच्यांनी गेलेल्यांची यादी व्हॉट्सअॅपवर पाठवली होती. अशा याद्या अंकिता आजीला वाचून दाखवायची आणि एकदा ऐकलं की म्हातारीच्या डोक्यात बसायचं. अबोला असला तरी हे काम चुकलं नव्हतं. नऊ नावं होती. अंकितानं ती एका दमात वाचली, फक्त सातव्या नावाला ती किंचित अडखळली. ते नाव होतं महादेव. नवरीचे आजोबा, तीन वर्षांपूर्वी म्हातारपणानं गेलेले.

गव्हाणला कृष्णाबाई गायली ती नेहमीसारखी, खणखणीत. सहा सुपाऱ्या बसल्या. मग ती थांबली, पाण्याचा घोट घेतला आणि आठव्या नावावर गेली. पन्नास वर्षांत तिनं कुणाच्या घरचं नाव गाळलं नव्हतं. आपण गाळलं हे तिला कळलं होतं का? कळलं होतं. ते नाव सुपारीसकट हातात आलं होतं आणि जीभ उचलेना. तिनं स्वतःशी सांगितलं की एवढ्या गोंगाटात कुणाला समजतंय. तिकडे डीजेवाले आधीच बॉक्सची तपासणी करत होते.

आठ दिवसांनी भरदुपारी एक म्हातारी रिक्षातून करंजाड्याला उतरली. गव्हाणच्या त्या नवरीची आजी, ठमाबाई. कृष्णाबाईपेक्षा चार वर्षांनी मोठी, काठी टेकत चालणारी. मालूनं पाणी दिलं. ठमाबाई ते सावकाश प्यायली, तिनं पेला खाली ठेवला आणि काठी मांडीवर आडवी घेतली.

"भांडाला नाय आयले मी," ती म्हणाली. "येक विचाराचा होता. आमच्या घरचा येक मानूस भायेर ऱ्हायला."

कृष्णाबाईनं पेला उचलून बाजूला ठेवला.

"नऊ नावा दिलती. आठ सुपाऱ्या बसल्या. मी पानाकडंच बगत होते. तुमी म्हनाल, म्हातारी सुपाऱ्या मोजतं. पन मी नाय तर कोन मोजनार? मी त्यांचा नाव कवा घेतला नाय, तुमाला ठावं हाय आपली रीत. पोरा बाबा म्हनतात, नातवंडा आजोबा म्हनतात. ते गेले तसा त्यांचा नाव घेनारा मानूसच घरात ऱ्हायला नाय. मना वाटला, नातीच्या हलदीला तुमच्या तोंडानं येकदा ऐकन. नवी साडी नेसून बसले होते मी त्याच्यासाठी."

"चुकला माझा," कृष्णाबाई पुटपुटली.

"चुकला नाय. तुमच्या पोराचा पन नाव तोच, मना नंतर उमगला." ठमाबाईचा आवाज मऊ झाला. "मी दोन दिस रडले. मंग इचार केला, माझा मानूस तरी येक दिस दारात उभा ऱ्हायला. सगले आत बसले, जेवले, आन तो उंबऱ्याभायेर उपाशी. हिचा पोर किती वर्सा उभा हाय? बाय, नाव घेतला नाय म्हनून मानूस जित्ता नाय होत. दारात उभा ऱ्हातो, येवढाच."

कृष्णाबाईला शैलेशचा मांडव आठवला. पानावरची ती रिकामी पुंज आठवली. बाप आत येऊन बसला होता, आणि मुलगा? एवढा उंच पोर, दारात वाकून उभा, आत सगळं ऐकू येतंय, सगळ्यांची नावं आली, आता आपलं येईल म्हणून थांबलेला. आणि आईनं पदराला गाठ मारली. एकोणीस वर्षं ती समजत होती की आपण त्याला जिवंत ठेवलंय.

ती उठली. मांडव नसताना आवतणाचा धवला म्हणत नाहीत, म्हटला तर दोष लागतो, हे तिनंच आजवर शंभर जणींना बजावलेलं. तिनं स्वयंपाकघरातून ताट आणलं, मूठभर तांदूळ त्यावर ओतले, सुपारी घेतली आणि ठमाबाईसमोर बसली.

"उठा उठा, वाट धरा, मांडव घातला दारी…"

आवाज नेहमीचा नव्हता. भाकरीला पीठ कमी पडावं तसा तो मध्येच तुटत होता. पुढची ओळ आली, तिनं डोळे मिटले आणि नाव घेतलं.

"महादेव बाबा, तुमी या हो, तुमची जागा ही सुपारी."

ठमाबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला. ती पदराआडूनच म्हणाली, "परत येकदा घ्या." कृष्णाबाईनं परत घेतलं. दारात मालू उभी होती. तिच्या हातातला पाण्याचा तांब्या वाकडा होऊन पाणी फरशीवर सांडत होतं आणि तिला ते कळत नव्हतं.

ठमाबाई गेल्यावर कृष्णाबाईनं सुनेला हाक मारली. "बस अशी." मालू बसली. चव्वेचाळीस वर्षांची झाली होती ती, केस पिकायला लागले होते.

"तुझा काय म्हनना हाय? बोलवू त्याला?"

मालू आधी हसली, मग तिला हसणं आवरेना, मग ते रडण्यात गेलं. "आये, येकोनीस वर्सांत तुमी मना पयल्यांदा विचारताय. मना तर तिसऱ्याच दिवशी ठावं झालता. त्यांची वाट बगाची मी कवाच सोडली. मी तुमची वाट बगत होते."

कृष्णाबाईनं सुनेचा हात हातात घेतला. भांडी घासून घासून राठ झालेला हात. "माफ कर," असं तिला म्हणायचं होतं, पण तिच्या पिढीत सुनेला असं म्हणायची पद्धत नाही. ती नुसतीच तो हात चोळत बसली.

हळदीच्या दिवशी करंजाड्याच्या प्लॉटवर मांडव पडला. हिरव्या-पिवळ्या कापडाचा, एलईडी झुंबरांचा. डीजेच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. चार वाजता कृष्णाबाई मांडवात आली आणि डीजेवाल्याला म्हणाली, "माझा होईस्तो वायर काडून ठेव." त्यानं खरंच वायर काढून हातात धरली. मालू मागच्या दाराकडे निघाली होती. कृष्णाबाईनं तिला सगळ्यांदेखत हाक मारली आणि पाटाशेजारी बसवलं. "सुपाऱ्या तू देत जा माझ्या हातात."

पान मांडलं. बारा पुंजी घातल्या. अंकिता पिवळी साडी नेसून समोर बसली होती. आजीशी ती अजून धड बोलत नव्हती, पण पुंजी तिनं मोजल्या होत्या आणि तिचा चेहरा बदलला होता.

आजेसासरा आला, सासरा आला, सासू आली, नणंद आली. अकरावा धर्मराज आला. या वेळी नाव घेताना कृष्णाबाई लाजली नाही. मालूनं ताटात हात घातला, तर ताट रिकामं. तिनं गोंधळून सासूकडे पाहिलं. कृष्णाबाईनं कमरेची जुनी पिशवी सोडली, त्यातून कापडाचा एक तुकडा काढला. शैलेशच्या लग्नातल्या पदराचा तो कोपरा तिनं गाठीसकट कापून ठेवला होता. गाठ इतकी आवळली होती की मालूला दातांनी सोडावी लागली. आतली सुपारी सुकून हलकी झाली होती.

कृष्णाबाईनं सुपारी हातात घेतली आणि तोंड उघडलं, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की नेहमीची ओळ इथे चालणार नाही. 'वाट धरा' म्हणायचं, पण कुठली वाट? त्याला ठाऊक असलेली वाट उरलीच कुठे? गाव नाही, घर नाही, भिंतीवरची निळी अक्षरं नाहीत. वाट सांगितल्याशिवाय पोर येणार कसा? पन्नास वर्षांत सासूच्या शब्दाला तिनं हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला. थांबत, चाचपडत, एकेक शब्द शोधत ती गाऊ लागली.

"ऊठ बाला, ऊठ आता, जुना गाव ऱ्हायला नाय,
घर होता तिथं आता इमान टेकवतं पाय.
गव्हानफाटा सोड मागं, खाडी ठेव डाव्या हाती,
करंजाड्याला मांडव घातला, जमली सगली नाती.
चार वर्सांची टाकून गेलास, ती बसली पाटावरी,
महादेवा, तू ये रं बाला, तुझी जागा ही सुपारी."

तिनं सुपारी पुंजीवर ठेवली, तर ती घरंगळली. मालूनं ती उचलली, परत ठेवली, आणि ती स्थिर होईपर्यंत दोन बोटांनी धरून ठेवली. अंकिता पाटावरून उठून पानासमोर वाकली, कपाळ जमिनीला टेकलं आणि तशीच राहिली. "बाबा" एवढाच शब्द ऐकू आला. शैलेश मांडवाच्या खांबाला धरून लहान मुलासारखा रडत होता. कृष्णाबाईच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं. ती दाराकडे बघत होती, आत येणाऱ्याला वाट करून द्यावी तशी थोडी बाजूला सरकून.

पहिली हळद मालूनं लावली. बायकांपैकी कुणी विचारलं नाही, कुणी कुजबुजलंही नाही. मग डीजे सुरू झाला आणि करंजाड्याच्या खिडक्या हादरल्या. कृष्णाबाई म्हणाली की महादेवला असला धिंगाणा आवडायचाच.

लग्न झालं. पोर आपट्याला गेली. दुसऱ्या दिवशी मांडव उतरवायच्या आधी पाठवणीचा धवला होता. पाहुणे जाऊन घर रिकामं झालेलं, अंगणात फुलांचा कचरा. कृष्णाबाई पानासमोर बसली.

"जेवलात, विडा घेतलात, पोर दिली सासरी,
जशे आलात तशे जावा, आमी ऱ्हातो या घरी."

एकेक नाव घेत ती सुपारी उचलायची आणि शैलेशनं धरलेल्या रुमालात टाकायची. आजेसासरा गेला. सासरा गेला. सासू गेली. नणंद गेली. धर्मराजच्या सुपारीवरून तिनं जरा अंगठा फिरवला आणि तोही गेला. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठू लागली.

"आये, येक ऱ्हायली," शैलेश म्हणाला.

"ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ दे कशी? सगल्यांना लावतात ना वाटेला. तूच सांगतस, ठेवून घेऊ नये."

"सांगते. बाकीचे दर लग्नाला येतात जातात, त्यांना सवय हाय." तिनं पानावरच्या त्या एकट्या सुपारीकडे पाहिलं. "ह्यो येकोनीस वर्सांनी आयलाय. आला तो पोरीच्या गडबडीत. माझ्याशी बोलला नाय, धड जेवला नाय. चार दिस ऱ्हाऊ दे त्याला. मंग मीच घालवन खाडीपरेंत."

शैलेशनं वहिनीकडे पाहिलं. मालू आत गेली. त्या सकाळी ती लवकर उठून पनवेलच्या मच्छी बाजारात जाऊन आली होती, कशाला ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. महादेव खाडीत गेला त्या रविवारपासून त्यांच्या घरात चिंबोरी शिजली नव्हती. शैलेश रुमालातल्या सुपाऱ्या घेऊन खाडीवर गेल्यावर, दुपारी तिनं तीन ताटं मांडली. एक सासूचं, एक आपलं, आणि एक पाटावरच्या पानासमोर. तांदळाची भाकरी वाढली, कालवण वाढलं.

कृष्णाबाईनं एक मोठी नांगी उचलली, दाढेखाली धरून फोडली, आतलं पांढरं मांस बोटानं सोडवलं आणि आधी त्याच्या ताटात ठेवलं.